समस्येतून गणित: शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

४ जून: आराखडा

तुकडी २४ शिक्षकांची, पाचवी ते आठवीला गणित शिकवणाऱ्यांची. सत्रे आठ, प्रत्येक तीन तासांचे, दर पंधरा दिवसांनी एक. दोन सत्रांच्या मधल्या काळात प्रत्येकाने आपल्या वर्गात एक पाठ घ्यायचा आणि मुलांनी केलेल्या कामाचे कागद, चुकलेले धरून, पुढच्या सत्राला आणायचे. सलग पाच दिवसांचे शिबिर मुद्दाम टाळले आहे. शिबिरात समस्या सोडवायला मजा येते, शेवटच्या दिवशी सगळे भारावलेले असतात. मात्र वर्गातला पहिला पाठ फसला की विचारायला जवळ कोणी नसते, आणि दुसरा पाठ होतच नाही.

शब्दांचा घोळ पहिल्याच दिवशी मिटवायचा. ‘समस्या’ म्हटले की डोळ्यांपुढे धड्याच्या शेवटची शाब्दिक उदाहरणे येतात. तिथे रीत आधी शिकवून झालेली असते, उदाहरण फक्त ती वापरायला लावते. दुसरा प्रकार म्हणजे समस्या कशी सोडवावी याच युक्त्या शिकवणे: आकृती काढा, लहान संख्या घेऊन पाहा, उलटे मोजत या. या प्रकल्पाचा रोख तिसऱ्या प्रकारावर आहे. समस्या आधी, रीत नंतर. मुले हाताशी असलेल्या साधनांनी झटापट करतात आणि त्या झटापटीतून नवी कल्पना वर येते. शिक्षक तिला नाव देतो, नीट मांडतो. पहिले दोन प्रकार टाकाऊ नाहीत. पण तिन्हींना एकच नाव दिले की प्रत्येक जण ‘आम्ही हे आधीपासूनच करतो’ म्हणतो आणि प्रशिक्षण तिथेच संपते.

७ जून: समस्यांची निवड

सुमारे ४० समस्या चाळून ११ ठेवल्या. कसोट्या चार. सुरुवात सर्वांत कच्च्या मुलालाही करता यावी. किमान तीन वेगळ्या वाटांनी उत्तरापर्यंत जाता यावे. चुकीचे उत्तरही विचारपूर्वक आलेले असावे, नुसत्या हिशेबाच्या घसरणीने नव्हे. आणि शेवटी पाठ्यक्रमातली एखादी कल्पना हाती लागावी. चौथी कसोटी लावली की बरीच सुंदर कोडी गळतात. लांडगा, शेळी आणि गवताची जुडी नदीपार नेण्याचे कोडे छान आहे, पण ते सोडवून मुलाला पुढच्या धड्यासाठी काय मिळाले, याचे उत्तर देता येत नाही.

पहिल्या सत्राच्या सुरुवातीला एक जुने उदाहरण ठेवले आहे. १,१२८ सैनिकांना बसने न्यायचे आहे, एका बसमध्ये ३६ जण मावतात, तर किती बस लागतील? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना हे विचारले होते. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. त्यातल्या पुष्कळांनी उत्तर लिहिले ‘३१, बाकी १२’. एकूण मुलांपैकी २९ टक्क्यांचे उत्तर हे होते. ३२ बस म्हणणारी २३ टक्केच. भागाकार येतो, बस किती मागवायच्या ते येत नाही, अशी ही गंमत. वाद घालायला यापेक्षा छोटे साधन सापडले नाही.

१५ जून: सत्र १

बसच्या उदाहरणाला १५ मिनिटे. त्यानंतर दीड तास एकच समस्या: वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना रेषाखंडांनी जोडा, वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतील?

१ बिंदूला १ भाग, २ ला २, ३ ला ४, ४ ला ८, ५ ला १६. इथपर्यंत सगळे सुसाट. सहा बिंदूंना काय येईल ते मोजण्याआधी कागदावर लिहून घेतले. जवळपास सगळ्यांचे ३२. मोजल्यावर ३१ येतात. आपण मोजताना चुकलो असे समजून लोक पुन्हा मोजतात, मग तिसऱ्यांदा. काही गटांना ३० आले आणि गोंधळ दुप्पट झाला. कारण नेमके आहे: बिंदू अगदी समान अंतरावर घेतले की समोरासमोरचे बिंदू जोडणारे तिन्ही लांब रेषाखंड केंद्रात एकाच बिंदूत मिळतात आणि मधला इवलासा त्रिकोण नाहीसा होतो. समस्येतल्या ‘जास्तीत जास्त’ या शब्दाचा अर्थ इथे पहिल्यांदा लागतो. ही चूक टाळण्यासाठी आधीच ‘बिंदू वेडेवाकडे घ्या’ असे सांगण्याचा मोह होतो. सांगू नये. ३० आणि ३१ समोरासमोर आले की आकृतीकडे नीट पाहण्याची गरज आपोआप तयार होते.

पटवून देणारे कारण दोन गटांना स्वतः सापडले: एक नवा रेषाखंड काढला की एक भाग वाढतो, आणि तो वाटेत आधीच्या रेषाखंडांना जितक्या ठिकाणी छेदतो तितके आणखी भाग वाढतात. म्हणून भाग = १ + रेषाखंड + आतले छेदनबिंदू. पाच बिंदूंना १ + १० + ५ = १६; सहांना १ + १५ + १५ = ३१; सातांना १ + २१ + ३५ = ५७. छेदनबिंदू मोजायची युक्तीही इथेच निघते: कोणतेही चार बिंदू निवडले की त्यांच्यात नेमका एक छेदनबिंदू मिळतो.

ही समस्या शिक्षकांसाठी आहे, पाचवीच्या वर्गासाठी नाही, हे तीनदा सांगावे लागले. हेतू इतकाच की ‘अडकणे’ काय असते ते शिक्षकाने स्वतः अनुभवावे. अनेक वर्षे शिकवणारा माणूस आपल्या इयत्तेच्या गणितात कधी अडकत नाही, त्यामुळे अडकलेल्या मुलाच्या जागी उभे राहणे त्याला अवघड जाते.

१६ जून

कालची त्रुटी: गटातला जो पहिल्यांदा पोचला त्याने उत्तर जाहीर केले आणि उरलेल्यांचा विचार थांबला. पुढच्या वेळेपासून पहिली सात मिनिटे एकेकट्याने, न बोलता. सुचले ते कार्डावर लिहून कार्ड पालथे ठेवायचे. मग गट. पाच मिनिटांत लोक कंटाळत नाहीत पण कामही उभे राहत नाही. दहा मिनिटांनी कुजबुज सुरू होते.

गट चारांचेच. सहांच्या गटात दोघे नुसते पाहतात.

२९ जून: सत्र २, अंदाज-तक्ता

सगळ्या प्रशिक्षणात जास्तीत जास्त वेळ या एका कौशल्याला द्यायचा असे ठरले आहे: पाठाला जाण्यापूर्वी समस्या मुलांच्या बाजूने सोडवून पाहणे. स्वतःचे उत्तर माहीत असणे पुरत नाही.

समस्या सहावी-सातवीसाठी, चलाची ओळख करून देणारी. १० × १० चौकटींची जाळी आहे. कडेच्या चौकटी रंगवायच्या आहेत. एकेक न मोजता सांगा, किती चौकटी रंगतील?

प्रत्येक गटाला चार रकान्यांचा तक्ता: मूल कसे करील, कागदावर काय दिसेल, आपण काय विचारू, नंतरच्या चर्चेत याची जागा कोणती. बरोबर वाटा अशा निघाल्या:

१० + १० + ८ + ८
१० + ९ + ९ + ८
४ × ९
४ × १० − ४
४ × ८ + ४
१०० − ६४

या यादीला अर्धा तास पुरला. खरी अडचण चुकीच्या उत्तरांची यादी करताना आली. ‘मुले ४० म्हणतील’ एवढेच लिहून गट थांबले. ४० का? कोपऱ्याची प्रत्येक चौकट दोन बाजूंत धरली म्हणून. मग ३८ म्हणणारे मूल काय करते? त्याला दुहेरी मोजणी कळली आहे, पण दोनच कोपरे कमी केले आहेत. ३२ म्हणजे बाजूंमधून कोपरे काढले आणि परत मिळवायचे राहिले. ४४ म्हणजे ‘कडेच्या’ याचा अर्थ जाळीच्या बाहेरचे वलय असा घेतला, आणि त्या अर्थाने उत्तर बरोबर आहे! १०० म्हणणाऱ्याला प्रश्नच कळलेला नाही. पाच चुकांना पाच वेगळे प्रश्न लागतात. ४० ला ‘या कोपऱ्याच्या चौकटीला तू कोणत्या बाजूत मोजलेस?’, ३२ ला ‘मोजलेल्या चौकटींवर खूण करून दाखव’, ४४ ला ‘कडेची म्हणजे कोणती चौकट, बोट ठेव’. ‘पुन्हा नीट पाहा’ हा सगळ्यांना लागू पडणारा प्रश्न आहे, म्हणूनच निरुपयोगी आहे.

पुढचा टप्पाही तक्त्यातच बसवला. ६ × ६ ला किती? २०. १०० × १०० ला? ३९६. इथे जाळी काढणे शक्य नसते, म्हणून मूल आपली वाट शब्दांत सांगू लागते: ‘बाजूतून एक कमी करायचा, चारने गुणायचे’. त्या वाक्यात ‘बाजू’च्या जागी ‘न’ हे अक्षर ठेवले की ४ × (न − १). दुसऱ्याचे ४ × न − ४. तिसऱ्याचे न × न − (न − २) × (न − २). दिसायला वेगळ्या तीन राशी एकाच चौकटी मोजतात, तर त्या समान असल्याच पाहिजेत. कंस सोडवण्याला प्रथमच काही कारण मिळते. लवकर संपवणाऱ्यांसाठी उलटे प्रश्न: कडेला ७६ चौकटी असतील तर जाळी केवढी (२० × २०)? कडेला बरोबर ५० चौकटी असलेली चौरस जाळी असेल का? नसेल, कारण संख्येला ४ ने भाग जायला हवा.

गृहकाम: हाच पाठ वर्गात.

१ जुलै

टाचणाचा नमुना बदलला. नेहमीच्या टाचणात ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात आणि दुसऱ्यात ‘लक्षपूर्वक ऐकतात’ असे लिहिलेले असते. नव्या नमुन्यात निम्मी जागा अंदाज-तक्त्याला, एक चौथाई फळ्याच्या आराखड्याला. उरलेल्या जागेत वेळ आणि प्रश्न. एकच पान, पाठपोट. यापेक्षा लांब टाचण कोणी भरत नाही, भरले तरी वर्गात उघडत नाही.

१३ जुलै: सत्र ३, प्रश्न आणि गप्प राहणे

वर्गातून आलेले कागद टेबलावर पसरले. बहुतेक कागदांवर एकच रीत आहे, ४ × १० − ४, तीही सारख्याच मांडणीत. म्हणजे कोणीतरी सांगितली. ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर जागा सापडली. शिक्षक रीत सरळ सांगत नाहीत. प्रश्न विचारत विचारत तिथे नेऊन सोडतात:

‘बाजू किती? १०. बाजू किती आहेत? ४. मग चार दाहे? ४०. कोपरे किती? ४. दोनदा आले ना? मग वजा?’

सहा प्रश्न, सहा बरोबर उत्तरे, आणि विचार एकही नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका शब्दात येते ही मुलाला एकाच उत्तराकडे घसरवत नेणाऱ्या या नरसाळ्याची खूण. उलट जातीचे प्रश्न मुलाच्या वाटेला धरून असतात: ‘हा ९ आकृतीत कुठे आहे?’, ‘तिचे ३६ आणि तुझे ३६ एकाच तऱ्हेने आले का?’, ‘कोपऱ्यांचे काय केलेस?’

थांबण्याचा सराव घड्याळ लावून घेतला. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती मोजून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तो अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढला की मुलांची उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. थांबण्याच्या जागा दोन: प्रश्नानंतरची आणि मुलाच्या उत्तरानंतरची. पहिली लोक दहा मिनिटांत शिकतात. दुसरी फार कठीण. मूल बोलून थांबते न थांबते तोच तोंडातून ‘बरोबर!’ किंवा ‘अं…’ निघते; दोन्हींनी उरलेल्या वर्गाला कळते की आता विचार करायचे कारण नाही.

सराव चौघांत: एक शिक्षक, दोन विद्यार्थी, एक घड्याळवाला. विद्यार्थी झालेल्यांना चिठ्ठी दिलेली असते, ‘तुमचे उत्तर ३८; कारण विचारल्याशिवाय सांगू नका’. फेरी चार मिनिटांची, मग भूमिका बदलायच्या. चिठ्ठ्या नसल्या की मोठी माणसे अतिशहाणी मुले बनतात किंवा मुद्दाम खोड्या काढतात. दोन्हींचा उपयोग नाही. घड्याळवाल्याने मत द्यायचे नाही, फक्त सेकंद आणि प्रश्नांचे शब्द लिहायचे.

२० ते २४ जुलै: वर्गभेटी

तासिका ४० मिनिटांची. ठरवलेली वाटणी: मांडणी ५, एकट्याने ५, गटात १०, चर्चा १५, लिहिणे ५. घडते ते वेगळे.

मांडणी लांबते. समस्या वाचणे, अवघड शब्द समजावणे, मग ‘एक सोपे उदाहरण करून दाखवतो’, आणि ते सोपे उदाहरण म्हणजे ५ × ५ ची जाळी पूर्ण सोडवलेली. त्या क्षणी समस्या मेली. उरला तो सराव. मांडणीत तीनच गोष्टी कराव्यात: मुलाने प्रश्न आपल्या शब्दांत सांगणे, आकृतीवर बोट ठेवून ‘कडेची चौकट’ दाखवणे, आणि मनात उत्तराचा अंदाज बांधणे. अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहावेत, त्यांवर टीका करू नये.

गटकामात शिक्षक एका गटाजवळ आठ मिनिटे बसतात, बाकीचे पाच गट वाऱ्यावर. उपाय: पहिली फेरी कोणाशीही न बोलता, हातात तक्ता घेऊन, कोणत्या वाटेवर कोण आहे त्याची खूण करत. दोन मिनिटांत होते. बोलायचे ते दुसऱ्या फेरीत. ही पहिली मूक फेरी काहींना वेळेचा अपव्यय वाटली. चर्चेत कोणाला आधी उभे करायचे हे त्या फेरीतच ठरते, हे पटायला आणखी एक पाठ जावा लागला.

चर्चेला १५ ऐवजी ४ मिनिटे उरतात आणि घंटा होते. सर्वांत जास्त नुकसान इथे आहे. वेळ कमी पडला तर गटकाम तोडावे, चर्चा नाही. सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत थांबायचे नसते. निवडलेल्या तीन वाटा कागदावर उतरल्या की पुरे.

२७ जुलै: सत्र ४, क्रम आणि फळा

‘कोण सांगेल?’ असे विचारले की हुशार मूल हात वर करते, सर्वांत आटोपशीर रीत सांगते, आणि त्यानंतर कोणालाच आपली लांबलचक रीत सांगावीशी वाटत नाही. म्हणून क्रम शिक्षकाने ठरवायचा. कडेच्या चौकटींसाठी चाललेला क्रम: आधी चौकटींना क्रमांक घालून मोजणारा, मग १० + १० + ८ + ८, मग ४ × १० − ४ आणि त्याच्या जोडीला नाव न घेता ४० हे उत्तर, शेवटी ४ × ९. १०० − ६४ हे दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे, कारण ते कडेऐवजी आतल्या भागाकडे पाहते आणि त्याला वेळ लागतो. क्रम असाच हवा असे नाही. चूक फार पसरली असेल तर ४० पासून सुरुवात करावी. पण क्रमाचे कारण शिक्षकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

फळा. जपानी शिक्षक फळ्यावरच्या नियोजनबद्ध लेखनाला ‘बानशो’ म्हणतात आणि तासभराचा पाठ एकाच फळ्यावर, काहीही न पुसता, डावीकडून उजवीकडे उतरवतात. इथेही तोच नियम. डाव्या पाचव्या भागात समस्या आणि अंदाज. मधल्या तीन भागांत तीन वाटा, प्रत्येकीत आकृती वर आणि राशी खाली. उजवीकडे मुलांच्या शब्दांत निष्कर्ष. पुसायचे नाही, कारण तुलना करायला दोन्ही वाटा एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. ४ × ९ मधला ९ आकृतीत ज्या रंगाच्या खडूने दाखवला, राशीतही त्याच रंगाने.

मुलांच्या वहीतले पेन्सिलचे काम मागच्या बाकावरून दिसत नाही. गटाला अर्धा कार्डशीट आणि एक जाड मार्कर. दोन मार्कर दिले की दोन वेगळी कामे होतात.

जोडणारा प्रश्न आधीच लिहून न्यायचा. तीन वाटा एकामागून एक ऐकवल्या, टाळ्या वाजवल्या, आणि संपले, असा पाठ म्हणजे नुसते प्रदर्शन. ‘पहिल्यातला ८ आणि तिसऱ्यातला ९ यांत हा एक कुठून आला?’ यावर सहा-सात मिनिटे गेली तर पाठ सार्थकी.

१० ऑगस्ट: सत्र ५, अपूर्णांक

५/८ मोठा की ७/११? छेद समान करून ५५/८८ आणि ५६/८८, म्हणजे ७/११ किंचित मोठा. शिक्षकांना ही रीत बंद केली आणि दुसरी वाट मागितली. इथे शिक्षकांच्या स्वतःच्या गणिती जाणिवेतली पोकळी दिसली, आणि ती झाकून चालणार नाही. तिरकस गुणाकार सगळ्यांना येतो. तो का चालतो, म्हणजे ५ × ११ आणि ७ × ८ हे समान छेदाचे अंशच आहेत, हे सांगताना बरेच जण अडखळले.

निघालेल्या वाटा: अर्ध्याशी तुलना (५/८ हा अर्ध्यापेक्षा १/८ ने जास्त, ७/११ हा ३/२२ ने, अंश समान केले तर १/८ म्हणजे ३/२४ आणि ३/२२ त्याहून मोठा). पूर्णाला कमी पडणारा भाग (३/८ आणि ४/११, अंश समान केले तर १२/३२ आणि १२/३३, म्हणजे ७/११ ला कमी पडणारा भाग लहान, म्हणून तो मोठा). या दुसऱ्या वाटेवर मुलांची एक ठरलेली चूक बसलेली असते: ‘५/८ ला ३ कमी, ७/११ ला ४ कमी, म्हणून ५/८ मोठा’. चूक सांगून जात नाही. १/२ आणि ९८/१०० द्यावेत. त्याच तर्काने १/२ ला १ कमी, ९८/१०० ला २ कमी, म्हणून १/२ मोठा. मूल स्वतःच हसते. प्रतिउदाहरण शोधणे हे शिक्षकाचे काम, आणि ते वर्गात उभ्याउभ्या सुचत नाही. तक्त्याला पाचवा रकाना जोडला: प्रतिउदाहरण.

२४ ऑगस्ट: सत्र ६, मदत किती आणि केव्हा

समस्या: म × न चौकटींच्या जाळीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कर्ण काढला, तो किती चौकटींतून जातो? ३ × ५ ला ७, ३ × ४ ला ६. झटकन ‘दोन्हींची बेरीज वजा १’. मग ४ × ६ ला ९ यायला हवेत, मोजले तर ८. कर्ण मधल्या एका छेदनबिंदूतून नेमका जातो, तिथे उभी आणि आडवी रेषा एकदमच ओलांडली जाते. खरा नियम: म + न − मसावि. हाताने काढलेला कर्ण त्या बिंदूच्या बाजूने निसटतो, ९ मोजले जातात आणि चुकीचा नियम खरा ठरतो. पट्टी आणि टोकदार पेन्सिल सक्तीची. जाळीची चौकट किमान १ सेंटीमीटरची.

मदतीच्या पायऱ्या ठरवल्या. शून्यावर काहीच नाही, दोन मिनिटे. पहिलीवर मुलाला चाललेले काम सांगायला लावणे. अ‍ॅलन शोनफेल्ड हे गणित-शिक्षणाचे अभ्यासक आपल्या विद्यार्थ्यांना विचारत असलेले तीन प्रश्न इथे बसतात: नेमके काय करतो आहेस, का करतो आहेस, त्याने पुढे कशी मदत होईल? दुसरीवर युक्ती सुचवणे: ‘२ × ४ करून पाहा’. तिसरीवर नेमकी जागा दाखवणे: ‘कर्ण या कोपऱ्यातून जातो तेव्हा काय होते?’ चौथी पायरी नाही. पायरी चढताना मधली वगळायची नाही, आणि मदत दिल्यावर तिथून निघून जायचे. उभे राहिले की मूल पुढची मदत मागते.

गणितज्ञ पोल्या यांनी १९४५ मध्ये मांडलेले चार टप्पे (समस्या समजून घ्या, योजना करा, योजना अमलात आणा, मागे वळून पाहा) काही वर्गांत तक्ता करून लावले गेले आहेत. परिणाम: मुले वहीत चार मथळे घालतात, त्यांखाली उत्तर आधी काढून मग ‘योजना’ भरतात. तो तक्ता काढून टाकला. टप्पे शिक्षकाच्या प्रश्नांत असावेत, मुलाच्या समासात नव्हे. चौथा टप्पा मात्र सगळेच गाळतात; त्यासाठी रोजचा एकच ठरीव प्रश्न, ‘कोणती संख्या बदलली तर ही रीत मोडेल?’

७ सप्टेंबर: सत्र ७, गुण आणि सराव

अपेक्षित आक्षेप: परीक्षेत याचे गुण कसे देणार, आणि पाढे-बेरजांचा सराव कधी? दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. आठवड्यात एक पाठ समस्येचा. त्याच्या दुसऱ्या दिवशीची तासिका पूर्ण सरावाची, आदल्या दिवशी निघालेल्याच रीतीवर. सराव वगळला तर सुचलेली रीत आठवड्यात विरते.

गुणांसाठी तीन बाजू, प्रत्येकी ० ते २: समस्या समजली का, वाट योग्य का, उत्तर बरोबर आणि समस्येत बसणारे का. ‘३१, बाकी १२’ ला २ + २ + ०; काहींनी २ + २ + १ दिले, आणि अर्धा तास वाद झाला. काहींचे म्हणणे, समजण्यातही १ च द्यावा, कारण बस मोजायच्या आहेत हेच कळलेले नाही. वादाचा निकाल न लावता दोन्ही बाजूंचे कागद संग्रहात ठेवले. १० कागद सर्वांनी स्वतंत्र तपासून मग जुळवून पाहणे हा सराव मात्र कायम ठेवावा.

१४ सप्टेंबर: एकत्र पाठ

चौघांनी मिळून एक टाचण, एकाने शिकवले, तिघे पाहणारे. पाहणाऱ्याने शिक्षकाकडे बघायचे नाही. दोन मुले ठरवून घ्यायची आणि त्यांनी काय लिहिले, काय खोडले ते मिनिटांसह टिपायचे. मुलाला मदत करायची नाही. हा नियम दोनदा मोडला गेला. चांगला शिक्षक मुलाची चूक पाहून गप्प बसू शकत नाही. चर्चेत पहिली पाच मिनिटे शिकवणाऱ्याची. त्यानंतरचे प्रत्येक विधान टिपलेल्या नोंदीपासून सुरू व्हायला हवे. ‘पाठ छान झाला’ हे वाक्य बाद.

त्याच टाचणात एकच बदल करून तीन दिवसांनी दुसऱ्या वर्गात पाठ घ्यायचा: १० × १० ची जाळी मुलांना छापून देण्याऐवजी फळ्यावर एकदा दाखवून झाकायची. छापील जाळी हातात असली की मुले पेन्सिलीचे टोक टेकवत एकेक मोजतात आणि रचना शोधायची गरज उरत नाही.

२१ सप्टेंबर: सत्र ८, पुढच्या तुकडीसाठी

झाकलेल्या जाळीने फरक पडला. एकेक मोजणारे कमी झाले, आकृती स्वतः काढणारे वाढले. काहींनी ९ × १० ची जाळी काढली, ती एक नवी चूक तक्त्यात गेली.

वर्तुळाची समस्या सत्र १ मध्येच राहील, वेळ दीड तासाऐवजी सत्तर मिनिटे. प्रश्नांचा सराव तिसऱ्या सत्राऐवजी दुसऱ्यात सुरू करायचा आणि प्रत्येक सत्रात वीस मिनिटे चालू ठेवायचा. एका सत्रात शिकलेले थांबणे पंधरा दिवसांत जुन्या सवयीवर येते. वर्गभेटी सत्र २ नंतर लगेच. अपूर्णांकांचे सत्र दोन भागांत.

छापायचे: अंदाज-तक्ता पाच रकान्यांचा, प्रत्येकी ८ प्रती; भूमिकांच्या चिठ्ठ्या ४० च्या, ३२ च्या आणि ४४ च्या उत्तरांसाठीही; १ सेंटीमीटर चौकटींचे कागद ३०० पाने. जाड मार्कर ६, दोन रंगांत नको.